मोठ्या हॉटेलच्याच चादरी

११ फेब्रुवारी

आज माझं बोट चादरीतून आरपार गेलं.

जोर लावला नव्हता. मोठ्या हॉटेलचा डायरेक्टर आमच्या अंगणात, तुतीखाली, चहा न पिता बसला होता. त्याने पिशवीतून चादर काढली, उलगडली आणि म्हणाला, "जरा दाबून बघा." मी दाबलं. पलीकडे माझं बोट बाहेर आलं आणि त्याच्या नाकासमोर थांबलं.

"गेल्या वर्षी घेतल्यात या," तो म्हणाला. "अजून दोन वर्षं तरी निघायला हव्या होत्या. तुमचं धुण्याचं बिल मला परवडतं, सानोबर खोनुम. तुमच्या धुण्यापायी नव्या चादरी घ्याव्या लागतात ना, ते नाही परवडत."

सानोबर खोला म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण, या लाँड्रीची मालकीण. तिच्यासमोर कुणी आवाज चढवला तर ती त्याला आधी खाऊ घालते आणि मग झापते. आज तिने दोन्ही केलं नाही. नुसती चादरीकडे बघत बसली.

शेजारच्या कोगोन गावात नवीन लाँड्री झालीय, मशीनं जर्मनीची. एक एप्रिलला पर्यटक यायला लागतात, त्याआधी डायरेक्टर ठरवणार. मोठं हॉटेल गेलं तर आमचं मोठं मशीन विकावं लागेल, बायकांना घरी पाठवावं लागेल. बुखाऱ्याच्या छोट्या गेस्टहाउसांच्या धुण्यावर एवढं चालत नाही.

मी म्हणून बसले, "मी कारण शोधते."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. झुलैखो, आमची मशीनवाली, दारातून म्हणाली, "चार वर्षं ताश्कंदला कापड शिकली आणि आल्या आल्या भोक पाडलं."

म्हणून ही डायरी. संशोधकाकडे वही असते. माझ्याकडे रूममेटने निरोपाला दिलेली ही आहे, मुखपृष्ठावर मांजर.

१३ फेब्रुवारी

आज चादरीच्या बाजूने लिहून बघते. कंटाळा आलाय स्वतःच्या बाजूने विचार करायचा.

मी चादर. मला हॉटेलच्या गाडीतून आणतात. आधी गार पाण्यात बुचकळतात, कारण गरम पाणी डागाला घट्ट बसवतं. मग साबणाची पावडर आणि कढत पाणी. मग पांढरं करायला क्लोरीन. ते झोंबतं, पण थोडाच वेळ. मग तीनदा खळबळून शेवटी थोडं आंबट औषध, म्हणजे अंगावर क्षार राहत नाही. बुखाऱ्याचं पाणी खारट, पण इथे ते आधी टाकीत मऊ करतात, त्यामुळे तक्रार नाही. मग पिळणं, मग तापलेल्या रोलरमधून इस्त्री. इस्त्री सानोबर खोला स्वतः करते, निदान मोठ्या हॉटेलच्या चादरींना. बाकीच्यांना झुलैखोची पुतणी करते. मग मला घडी घालून गठ्ठ्यात ठेवतात. खोला कढईत निखारे घेऊन त्यावर इस्पंदाच्या बिया टाकते, त्या तडतडतात, आणि गठ्ठ्याभोवती धूर फिरवते. दृष्ट लागू नये म्हणून. हा दिवसातला माझा सगळ्यात आरामाचा वेळ. मग हॉटेल. मग माणूस. माणसं झोपेत लाथा मारतात.

माणसांच्या लाथांचा हिशोब लागेल का कुठे?

१६ फेब्रुवारी

तोहिर आका आले. ते मोठ्या हॉटेलच्या कपड्यांचे कोठीवाले. बारीक, उंच, मिशी नीट कातरलेली, टोपी नेहमी स्वच्छ. हॉटेलला ड्रायव्हर आहे, पण परत आलेला गठ्ठा ते स्वतः उचलून आणतात. माणूस कर्तव्याचा फारच पक्का, किंवा ड्रायव्हरवर विश्वास नाही.

"परत?" मी विचारलं.

"पिवळट झाल्यात, पोरी. पाहुणे नाक मुरडतात. पुन्हा धुवाव्या लागतील."

खोलाने त्यांना चहा दिला. निळ्या पियाल्यात. तो पियाला कुणालाच देत नाही ती, मलासुद्धा नाही, म्हणे आतून तडा गेलाय. तडा गेलेला पियाला पाहुण्याला देणं बरं नाही असं मी तिला नंतर सांगितलं. ती म्हणाली, "तू तुझं कापड बघ."

त्यांनी बेहीची फळं आणली होती, रुमालात बांधून. फेब्रुवारीत बेही कुठून मिळतात कुणास ठाऊक.

परत आलेला गठ्ठा झुलैखोने पुन्हा टाकला. क्लोरीन दुप्पट. पिवळं जात नव्हतं म्हणून पाणी आणखी तापवलं. चादरींच्या कडा आत्ताच विरायला लागल्यात.

२० फेब्रुवारी

झुलैखोशी भांडण. मी म्हटलं क्लोरीन कमी कर.

"कमी केलं तर पिवळं राहील. पिवळं राहिलं तर परत येईल. परत आलं तर?"

"परत धुवायचं."

"मग दोनदा धुतलं की क्लोरीन कमी झालं का जास्त?"

हे बरोबर आहे. गणित ताश्कंदला शिकले, पण झुलैखोसमोर कधी जमत नाही.

मी मशीन कमी भरून बघितलं, पावडर बदलली, पाणी मऊ करायच्या टाकीतलं मीठ बदललं, तापमान उतरवलं. आमच्या धुण्यात चूक सापडेना. आणि मुख्य म्हणजे गेस्टहाउसांच्या चादरी, त्याच मशीनमध्ये, त्याच पाण्यात, त्याच बाईच्या हातून धुतलेल्या, ठणठणीत आहेत. जुन्या तळ्याकाठच्या गेस्टहाउसची एक चादर मी आणि पुतणीने दोन बाजूंनी ओढली. पुतणी पडली, चादर नाही फाटली.

फाटतात त्या मोठ्या हॉटेलच्याच.

पिवळ्याही पडतात मोठ्या हॉटेलच्याच.

२१ फेब्रुवारी

काही नाही. शीरचाय, म्हणजे खारट दुधाचा चहा, दोन वाट्या प्यायले. वर लोणी तरंगत होतं. सुख.

२७ फेब्रुवारी

सिद्धांत सापडला.

तोहिर आका बदमाश आहेत.

बघा ना (कुणाला सांगतेय मी, मांजराला?). आमच्याकडून चांगली, पांढरी चादर जाते. दोन दिवसांनी पिवळट आणि जुनी परत येते. मधे काय होतं? मधे तोहिर आका होतात. ते आमची नवी चादर बाजारात विकतात आणि त्या जागी कुठली तरी जुनी घुसवतात. म्हणून तर ड्रायव्हरला पाठवत नाहीत. म्हणून बेही. म्हणून खोलाशी इतकं गोड बोलणं. आज तर ते इस्त्रीच्या खोलीच्या दारात अर्धा तास उभे होते आणि हवामानावर बोलत होते. बुखाऱ्याच्या फेब्रुवारीत बोलण्यासारखं हवामानच काय असतं. ती हसत होती. माझ्या समजूतदार खोलाला तो माणूस भुलवतोय आणि तिला कळत नाहीये.

मी चादरींच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचा एक टाका घालायला सुरुवात केली. लाल टाका नसलेली चादर परत आली की पकडलेच.

२ मार्च

लाल टाके सगळे परत आले. एकही चादर बदललेली नाही. सगळ्या आमच्याच, सगळ्या पिवळट.

त्यात आता डायरेक्टरचा निरोप. एका पाहुणीने लिहून दिलंय, उशीला जळक्या गवताचा वास येतो. मी उशीचा अभ्रा नाकाला लावून खोल श्वास घेतला. मला काही वास आला नाही. झुलैखोलाही नाही. खोलाने हुंगलं, म्हणाली, "आपल्या घरासारखा वास आहे, यात काय वाईट."

३ मार्च

खोलाला सांगितलं. तोहिर आका आणि सिद्धांत, लाल टाके, सगळं. टाके परत आले तरी संशय राहिलाय, कदाचित त्यांना टाके दिसले असतील, असंही सांगितलं.

तिने चप्पल फेकली. नेम तुतीच्या झाडाला लागला.

"तो माणूस पियालासुद्धा दोन हातांनी धरतो," ती म्हणाली. "आणि तू त्याला चोर म्हणतेस."

पियाला कसा धरला यावरून चोर ओळखता येत नाही, असं म्हणणार होते, पण दुसरी चप्पल अजून तिच्या पायात होती.

झुलैखो मशीनला टेकून हसत होती. "मेहरीजान, तुला ताश्कंदला डोळ्यांचा विषय नव्हता का गं?"

मी हसण्याचं कारण विचारलं तर म्हणे, "काही नाही, तू लिही तुझ्या मांजरात."

८ मार्च

बायकांचा दिवस. तोहिर आका फुलं घेऊन आले, लाँड्रीतल्या प्रत्येकीला एक ट्युलिप. खोलाला दोन, एक लाल आणि एक पिवळं. बहुतेक मोजताना चुकले. पिवळं फूल जास्तीचं राहिलं असणार.

खोलाने नवा रुमाल बांधला होता डोक्याला, मोरपंखी. दिवसभर पाणी तापवायच्या भट्टीजवळ उभं राहायचं आणि नवा रुमाल. मी म्हटलं डाग पडेल. ती म्हणाली, "पडू दे, धुवायची सोय आहे."

काम सुटल्यावर आम्ही अंगणात ढोलकाच्या तालावर नाचलो. झुलैखो खांदे असे हलवते की बाकी शरीर तिथे नसतंच. खोला आधी नाही म्हणाली, मग अशी नाचली की शेजारणी भिंतीवर चढून बघायला लागल्या. कागदावर आमची लाँड्री बुडत होती आणि अंगणात आम्हाला हसू आवरत नव्हतं. हे कुठे लिहून ठेवावं म्हणून इथे.

१० मार्च

आता शहाण्यासारखं. ताश्कंदच्या मुकद्दम उस्तोज़ना, माझ्या बाईंना, फोन केला. त्यांनी चाचणीच्या कापडाच्या पट्ट्या पाठवल्या. एकसारखं सुती कापड. पट्टी धुण्यात टाकायची, बऱ्याचदा धुवायची, मग बाई लॅबमध्ये ताणून बघणार की किती जीव उरलाय.

पट्टी हॉटेलच्या चादरींबरोबर मशीनमध्ये टाकली. मशीनमधून निघाली की लगेच बाहेर काढते, सुकवते, पुन्हा टाकते. कुणाला हात लावू देत नाही. इस्त्री नाही, गठ्ठा नाही, काही नाही. धुणं आणि फक्त धुणं. विज्ञान असं असतं.

पाकिटात एकूण पाच पट्ट्या होत्या. हिला धरून चारच आहेत. पाचवी कुठे गेली?

१५ मार्च

बाईंचा फोन. पट्टी उत्तम आहे.

"तुमचं धुणं फार चांगलं आहे, मेहरंगेज. मी तर तुमच्याकडे माझे पडदे पाठवीन."

म्हणजे आम्ही नीट धुतो. तरी फाटतात. आनंद व्हावा का रडावं, ठरेना. मग आधी आनंद केला, झुलैखोला मिठी मारली. तिला वाटलं नोकरी वाचली. मग सांगितलं की कारण अजून कळलं नाही. तिने मिठी परत घेतली.

उरले दोन आठवडे. नशीबच खोटं आहे आमचं. कुणाची तरी नजर आहे या लाँड्रीवर, कोगोनवाल्यांची असेल. मी विज्ञान शिकलेय, पण मी बुखाऱ्याचीही आहे. संध्याकाळी खोलाला म्हटलं, "हॉटेलच्या गठ्ठ्याला आज जरा जास्तच धूर कर. दारं लावून कर."

"मी म्हणणारच होते," खोला म्हणाली. "बाकीच्यांच्या गठ्ठ्यांना नाही करत मी. यालाच करते. याची काळजी वाटते."

खोलीत इतका धूर झाला की झुलैखो खोकत बाहेर पळाली. आम्ही दोघी आत उभ्या राहिलो, डोळ्यांत पाणी, गठ्ठ्यांवर हात. बरं वाटलं. काहीतरी केलं असं वाटलं.

१७ मार्च

परवाचा गठ्ठा पूर्ण परत आला. अख्खा. इतका पिवळा कधीच नव्हता.

तोहिर आका आज चहाला थांबले नाहीत. गठ्ठा खाली ठेवला, खोलाकडे बघितलं. "डायरेक्टर माझ्यावर ओरडला," एवढंच म्हणाले. "म्हणतो कोठीवाला पण बदलतो."

खोलाने चेहरा भिंतीकडे केला.

परत आलेल्या गठ्ठ्यात पाचवी पट्टी सापडली! घडीत अडकून हॉटेलला गेली होती आणि किती वेळा गेली-आली देव जाणे. पिवळी, आणि बोटाने दाबली तर विरघळल्यासारखी. बाईंना पाठवून दिली, सोबत चिठ्ठी: ही आमची दुर्दैवी बहीण, हिचं काय झालं ते सांगा.

२१ मार्च

नवरोझ. आज लाँड्री बंद, अंगणात सुमलकची कढई. गव्हाच्या अंकुरांचा रस सकाळपासून ढवळतोय, आळीपाळीने, थांबलं की करपतं. तळाला छोटे खडे टाकलेत, रिवाजाप्रमाणे. ज्याच्या वाटीत खडा येईल त्याने काहीतरी मागायचं.

तोहिर आकाही आले. हॉटेलचा कोठीवाला आमच्या नवरोझला कशाला, असं मी म्हटलं, तर झुलैखो म्हणाली, "त्यांच्याकडे कढई नाही." खरं आहे, एकटे राहतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली म्हणे. त्यांनी लाकडी डाव घेतला आणि बराच वेळ ढवळलं. खोला शेजारी उभी राहून "हळू, कडेने, कडेने" सांगत होती. त्यांना येत होतं. मी बघितलं, अगदी नीट येत होतं. तरी ते दर वेळी चुकत होते आणि ती दर वेळी सांगत होती.

खडा माझ्या वाटीत आला. मी चादरी मागितल्या. दुसरा खडा खोलाला. तिने काय मागितलं ते सांगितलं नाही, पण खडा तोंडातून काढून रुमालाच्या टोकाला बांधला.

२४ मार्च

बाईंचा फोन आला तेव्हा मी अंगणात भाकर तोडत होते. जसं बोललो तसं लिहिते, नाहीतर उद्या माझा विश्वास बसणार नाही.

"मेहरंगेज, तुमच्याकडे कुणाची दृष्ट काढताय का?"

"म्हणजे, बाई?"

"तुझं पाकीट उघडलं आणि लॅबभर इस्पंदाचा वास. माझी मदतनीस म्हणाली लग्न आहे का कुठे. त्या पट्टीवर धुराचा थर बसलाय, मुली. काजळीसारखा, चिकट. तो साबणाने निघत नाही, म्हणून कुणीतरी क्लोरीन ओतलंय, पुन्हा धूर, पुन्हा क्लोरीन. सूत बिचारं किती सोसणार."

मी भाकर हातात धरून उभी होते.

"पहिल्या पट्टीला नव्हता तो," बाई म्हणाल्या. "दुसरीला कुणी धुपवलं?"

मी तुतीखाली बसले आणि नाक वर करून हुंगलं. पहिल्यांदाच हुंगल्यासारखं. भिंतींना इस्पंद, दाराला इस्पंद, खोलाच्या रुमालाला, माझ्या केसांना. जन्मल्यापासून हा वास आहे म्हणून तो वासच नव्हता. त्या पाहुणीला आला, आम्हाला नाही. आणि बाकीच्या गठ्ठ्यांना खोला धूर घालतच नाही. यालाच घालते. हे तिनेच सांगितलं होतं मला. मी इथे लिहूनही ठेवलंय. आणि वर म्हटलं होतं, जास्त कर, दारं लावून कर.

मी इतकी हसले की झुलैखो मशीन बंद करून आली. तिला सांगितलं. ती जमिनीवरच बसली. "म्हणजे आपण दृष्ट काढत होतो," ती म्हणाली, "आणि मग ती दृष्ट क्लोरीनने धूत होतो."

मग दोघींचं हसू थांबलं, कारण आता हे खोलाला सांगायचं होतं.

२५ मार्च

सांगितलं.

ती रागावली नाही, हेच वाईट. इस्त्रीचा रोलर बंद केला, हात झटकले, कढई उचलून कोपऱ्यात उलटी ठेवली. "मी फाडल्या म्हण ना," ती म्हणाली.

"धुराने फाडल्या."

"धूर कुणी केला?"

मी म्हटलं, "पण का गं? सगळ्या गिऱ्हाइकांना सोडून यालाच का?"

तिने माझ्याकडे असं बघितलं जसं झुलैखो बघते. मग रोलरवर हात फिरवत म्हणाली, "बाकीच्यांचे गठ्ठे धुणं असतात. हा त्यांच्या हातात जातो. दिवसभर एकट्या माणसाच्या हातात. घरी त्यांच्यासाठी इस्पंद लावणारं कुणी नाही. मी म्हटलं, थोडा इथूनच जाऊ दे."

आता मला समजलं. ट्युलिप, बेही, हवामान, निळा पियाला. झुलैखो म्हणते गल्लीतल्या मांजरालाही ते गेल्या शरदात कळलं होतं. माझ्या वहीवरच्या मांजराला बहुधा पहिल्या पानापासून.

खोलाला मिठी मारली. ती म्हणाली, "सोड, केसांना वास लागेल."

२६ मार्च

हॉटेलला गेले, एकटी. कोठी तळघरात आहे, चादरींच्या रांगा, फार नीट. तोहिर आका उठून उभे राहिले, मला खुर्ची दिली.

मी सगळं सांगितलं. ते ऐकत होते आणि मान खाली घालत चालले होते.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"हो."

"वास ओळखला होता."

"पोरी, ज्याच्या घरात धूर घालणारं कुणी नसतं ना, त्याला तो वास लगेच कळतो. पहिल्या गठ्ठ्यालाच कळलं. दार लावलं आणि बराच वेळ बसून राहिलो."

"मग सांगितलं का नाही? चादरी फाटत होत्या. तुमची नोकरी जात होती."

त्यांनी एका चादरीची घडी नीट केली. ती आधीच नीट होती.

"सांगितलं असतं तर बंद झाला असता," ते म्हणाले.

आम्ही दोघं त्या तळघरात बसलो, मी आणि ज्यांना मी चोर म्हटलं होतं ते. मग त्यांनी विचारलं, "आता काय करायचं?" मी म्हटलं, "आधी चादरी वाचवू. उरलेलं तुम्ही दोघं बघा. मला त्यातलं काही कळत नाही, हे सिद्ध झालंय."

३१ मार्च

डायरेक्टर आला. या वेळी चहा प्यायला.

आठवडाभर धूर नाही. क्लोरीन एकदाच, कोमट पाण्यात, शेवटी आंबट औषध नीट. एकही गठ्ठा परत आला नाही. मी त्याच्यासमोर चादर उलगडली, ही जुन्यातली, जी वाचली तीच. म्हटलं, "दाबून बघा."

त्याने दाबलं. मग अंगठ्याने. मग उभा राहून दोन्ही हातांनी ओढलं. झुलैखोने दुसरं टोक धरलं आणि त्याला हळूच तुतीपर्यंत ओढत नेलं.

"कारण काय होतं?" त्याने विचारलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. खोला जमिनीकडे.

"दोनदा धुणं," मी म्हटलं. ते खरंच आहे. "चादर क्लोरीनने मरते, आणि दुसऱ्यांदा धुतली की दुप्पट मरते. आता दुसऱ्यांदा धुवावी लागणार नाही. आणि वेळेआधी फाटली तर नवी आमच्याकडून."

"लिहून द्याल?"

"लिहून देऊ."

खोलाने माझ्याकडे मान वर करून बघितलं. एवढं मोठं वचन तिच्या लाँड्रीतून कधी बाहेर पडलं नव्हतं. डायरेक्टर चादर झुलैखोकडे देत म्हणाला, "कोगोनवाल्यांना कळवतो. हा मोसम तुमचा." जाताना दारात थांबून नाक ओढलं. "तुमच्या अंगणात छान वास येतो बरं का. माझ्या आजीच्या घरात यायचा."

आम्ही त्याच्या पाठीमागे दार लावलं आणि दाराला टेकून हसत राहिलो.

४ एप्रिल

संध्याकाळी तोहिर आका आले. हातात काही नव्हतं.

खोला रोलर पुसत होती. बाहेर आली, त्यांच्या हातांकडे बघितलं, त्यांच्या मागे बघितलं, गाडी नाही, गठ्ठा नाही.

"काय परत आलं?" ती म्हणाली.

"काही नाही." त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "मीच आलोय."

मशीन फिरत होतं. झुलैखोने ते बंद केलं, म्हणजे ऐकू यावं म्हणून, आणि नंतर म्हणते चक्र संपलं होतं. खोटं. मी घड्याळ बघितलं होतं.

खोला वळली. कोपऱ्यात गेली, उलटी ठेवलेली कढई उचलली, सुलट केली. भट्टीतले निखारे घेतले. मुठीतून बिया टाकल्या, त्या तडतडल्या. माझ्याकडे बघून म्हणाली, "चादरी आत ने गं, आणि खिडकी लाव."

मी नेल्या, लावली. काचेतून बघितलं.

ती त्यांच्यासमोर उभी राहिली. "टोपी काढा."

त्यांनी काढली. तिने कढई त्यांच्या डोक्याभोवती फिरवली, एकदा, मग पुन्हा, खांद्यांवरून, पाठीमागून, सगळ्या गल्लीच्या देखत, कारण शेजारणी एव्हाना भिंतीवर होत्याच. ते डोळे मिटून उभे होते. खोकत होते आणि हसत होते आणि एक पाऊलही मागे घेत नव्हते.

"पुरे का?" तिने विचारलं.

"अजून थोडा," ते म्हणाले.